आज पाणी जड आहे

नागपुरात तलावाच्या काठी गरी टाकून बसलेल्या माणसाला ‘काही लागलं का?’ असं विचारू नये. एक तर ते असभ्य आहे, आणि दुसरं म्हणजे त्याचं उत्तर कधीच ‘नाही’ असं येत नाही. ‘पाणी जड आहे ना आज, भाऊ,’ असं येतं. जड म्हणजे किती, आणि कालच्यापेक्षा किती जास्त, हे विचारायची सोय नसते. सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर तलाव नुकताच स्वतः तोलून आल्याचा भाव असतो. दुसऱ्या दिवशी पाणी हलकं झालेलं असतं, पण पुरवाई सुटलेली असते. तिसऱ्या दिवशी वारा पडलेला असतो. चौथ्या दिवशी वारा, पाणी, ऊन, ढग, सगळं हवं तसं जमून येतं आणि नेमकं त्याच दिवशी माशाचं पोट भरलेलं असतं.

मासेमारीच्या या शाखेत अपयश नावाचा प्रकारच नाही. फक्त निसर्ग आहे.

तलावांची वानवा नागपूरला कधी नव्हती. गोंड राजे, भोसले आणि मग इंग्रज, ज्याचं राज्य आलं त्याने शहराला एखादं पाणी दिलं. गांधीसागर, फुटाळा, सोनेगाव, सक्करदरा, नाईक तलाव; 1870 सालचा अंबाझरी तर आता विवेकानंदांच्या पुतळ्यासकट शहराच्या पाहुण्यांना दाखवायच्या यादीत आहे. शहराबाहेर पडलात तर रामटेकजवळचा खिंडसी आहे, कन्हान नदी आहे. या पाण्यांत खरी मासेमारी करतात ते धीवर, भोई, ढिमर. त्यांच्या सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेतात, मत्स्यबीज सोडतात, जाळी टाकतात आणि मासे बाजारात नेतात. गरीवाले हा वेगळा पंथ आहे. तो ठेकेदाराच्या परवानगीने किंवा त्याच्या दुर्लक्षाने एका कडेला बसतो आणि बाजारात काहीही नेत नाही.

मी स्वतः गरी टाकत नाही. मी नुसता जाऊन बसतो. फुकटात एवढं हवामानशास्त्र, प्राणिशास्त्र आणि ज्योतिष एका ठिकाणी ऐकायला मिळण्याची दुसरी जागा शहरात नाही. माझ्या ठरलेल्या काठावर पोस्टातून निवृत्त झालेले एक काका असतात. शाळेत विज्ञान शिकवलेले गुरुजी असतात. धंतोलीचे एक बंगाली दादा असतात, ज्यांच्या तीन पिढ्या रेल्वेत गेल्या आणि तिन्ही पिढ्यांच्या रविवारी गळ पाण्यात होता. आणि एक खर्रेवाला भाऊ असतो, जो मासे धरायला येतो की निवांत खर्रा घोटायला, हे त्याच्या घरच्यांनाही ठाऊक नाही.

गुरुजींचं दैवत हवेचा दाब. मोबाइलमध्ये दाबाचा आकडा पाहिल्याशिवाय ते तंगूस सोडत नाहीत. ‘प्रेशर उतरून राहिलं, आता खाईल,’ असं म्हणतात आणि मग तासभर प्रेशर उतरत राहतं. हा सिद्धांत त्यांचा एकट्याचा नाही, जगभरचे गळवाले तो मानतात. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, दाब बदलला की त्याला ते जाणवू शकतं, इथपर्यंत सगळं ठीक. पण साधा हिशेब करून पाहा. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरणं म्हणजे माशाच्या डोक्यावरचं पाणी एक सेंटिमीटरने कमी होणं. नागपुरात रोजच्या रोज दाब तीन-चार हेक्टोपास्कलनी वरखाली होतच असतो, म्हणजे दोन बोटं पाणी. चांगलं वादळ आलं आणि दाब दहा-पंधराने कोसळला, तरी वीतभर पाणी होत नाही. रोहू नुसता मध्यातून वर येऊन परत खाली गेला तरी यापेक्षा कितीतरी मोठं वादळ त्याच्या पोटात होऊन जातं. मी हा हिशेब गुरुजींना मांडून दाखवला. ते शांतपणे म्हणाले, ‘गणित बरोबर आहे. पण माशाला गणित कुठे येते?’

यावर बोलण्यासारखं काही उरत नाही. दाबाच्या जोडीला जे येतं, म्हणजे ढग, मंद उजेड, पाणी ढवळणारा वारा, त्याने मासा खरोखर काठाशी येतो, हे मला सांगायचं होतं. पण तोवर प्रेशर चढायला लागलं होतं आणि गुरुजींनी डबा उघडला होता.

काकांचा भरवसा पंचांगावर. अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास मासा सुटतो म्हणे. कोकणात हे कुणी म्हणालं तर मान डोलवावी. तिथे चंद्र समुद्राला उचलतो, उधाणाचं पाणी खाडीत शिरतं, त्याच्यामागे कोळंबी आणि कोळंबीमागे मासा. नागपूरला समुद्र शेकडो किलोमीटरवर आहे. फुटाळ्याला भरती येत नाही. आली तर महापालिका आधी तिचं श्रेय घेईल. अर्थात काकांना एकटं पाडायचं कारण नाही. 1926 साली जॉन ऑल्डन नाइट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने चंद्र-सूर्याच्या स्थितीवरून मासा कधी खाईल याचा सिद्धांतच मांडला, आणि शंभर वर्षांनीही तिकडे त्याची कोष्टकं छापली जातात, विकली जातात, पाळली जातात. काका त्याच्यावर चौघडियाही लावतात. शुभ, लाभ, अमृत या वेळांत गरी टाकायची. माझं निरीक्षण असं की मासा लागलाच तर उद्वेगात लागतो. आणि तिथी-वाराचं म्हणाल तर एकादशी, चतुर्थी किंवा श्रावणी सोमवार. ज्या दिवशी घरात मासा शिजणार नाही त्या दिवशी तो हमखास येतो. पाण्याखाली कुणीतरी कालनिर्णय टांगलेलं आहे, यावर आमच्या काठाचं एकमत आहे.

खरा निसर्ग मात्र याहून उद्धट आहे. नागपुरात तो बहुतेक उन्हाच्या रूपाने भेटतो. 23 मे 2013 रोजी इथे 47.9 अंश नोंदले गेले. 30 मे 2024 रोजी तर एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले. देशभर बातमी झाली, आणि मग हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचा खुलासा केला. त्या खुलाशाने नागपूरकरांची जी निराशा झाली ती बोलून दाखवण्यासारखी नव्हती. सोसलं तर होतंच, निदान आकडा तरी ठेवायचा.

तर या उन्हात पाण्याखाली काय होतं, तर प्राणवायू कमी होतो. वीस अंशांचं पाणी लिटरमागे साधारण नऊ मिलिग्रॅम प्राणवायू धरून ठेवू शकतं, पस्तीस अंशांचं सातच्या आसपास. आणि नेमकं ऊबदार पाण्यात माशाचं शरीर जास्त वेगाने चालत असल्यामुळे त्याला प्राणवायू जास्त लागतो. त्यातून तलाव जलपर्णीने आणि हिरव्या शेवाळाने भरलेला असेल तर गोष्ट आणखी बिघडते. दिवसा शेवाळ प्राणवायू तयार करतं, रात्री तेही माशाच्या बरोबरीने तो खर्च करतं. म्हणजे चोवीस तासांत प्राणवायू सगळ्यांत कमी असण्याची वेळ कोणती, तर पहाट. आणि आमची मंडळी पोचण्याची वेळ कोणती, तर पहाट. त्या वेळी मासे पाण्याच्या वर तोंड काढून उघडमीट करताना दिसतात. काका आनंदाने कुजबुजतात, ‘पाहा, कसा भुकेला आहे!’ तो भुकेला नसतो, त्याचा जीव गुदमरत असतो. दमेकऱ्याला धाप लागलेली असावी आणि आपण त्याच्यापुढे पुरणपोळी धरून ‘घ्या ना, एकच’ म्हणावं, तसला हा आग्रह चालतो. मासा पुरणपोळीकडे पाहत नाही. मग पाणी जड होतं.

ऊन थोडं वर आलं, शेवाळाने कामाला सुरुवात केली, की आठ-नऊच्या सुमाराला मासा खरोखर खाऊ लागतो. पण तोवर आमच्या मंडळींना तर्री-पोह्याची ओढ लागलेली असते. तर्री-पोह्याची वेळ आणि माशाच्या न्याहारीची वेळ एक आहे, हे नागपूरच्या गळमासेमारीचं मूळ दुखणं. त्यावर उपाय नाही, आणि कुणाला तो नकोही आहे.

पहिल्या पावसाचं असंच. मृग लागला, एक दणदणीत सर आली, की सगळा पंथ छत्र्या घेऊन पाण्याकडे पळतो. त्यात तथ्य आहे. ओढे वाहू लागतात, गांडुळं, किडे, वाळवीची पंखवाली पाखरं पाण्याबरोबर तलावात येतात आणि मासा ओढ्याच्या तोंडाशी जेवायला उभा राहतो. पण याच सरीने कधी कधी उलटंही होतं. उन्हाळाभर तळाशी साचून राहिलेलं, प्राणवायू संपलेलं पाणी वर ढवळलं जातं, रस्त्यावरची घाण वाहून येते, आणि सकाळी मेलेले मासे तरंगताना दिसतात. कोणतं होईल हे तलाव किती घाण आणि किती खोल आहे त्यावर ठरतं. फुटाळ्याच्याच परिसरात, तेलंगखेडीला, मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. तिथे पोरं हे सगळं प्रयोगशाळेत मोजायला शिकतात. तिथून थोड्याच अंतरावर आमचे काका हवेत बोट ओलं करून धरतात.

आता आमिष.

या विषयावर आपल्याकडे लिहिण्याची परंपरा जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर, आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणचा. त्याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राज्य मिळवावं कसं, राखावं कसं, इथपासून राजाने जेवावं काय आणि मन रमवावं कशाने, इथपर्यंत सगळं त्यात आहे. त्यातल्या एका प्रकरणाचं नाव मत्स्यविनोद. कोणते मासे समुद्राचे, कोणते नदीचे, कुणाला पिठाचे गोळे आवडतात, कुणाला मांस लागतं, दोरी कशी असावी, गळ कसा असावा, सगळं तपशीलवार. भारतीय प्राणिसर्वेक्षणाचे सुंदरलाल होरा यांनी 1951 साली या प्रकरणावर सविस्तर लेख लिहिला, तेव्हा कुठे मत्स्यशास्त्रज्ञांना कळलं की इझाक वॉल्टनने इंग्रजीत गळमासेमारीचं ते प्रसिद्ध पुस्तक 1653 साली लिहिण्याच्या पाचशे वर्षं आधी आपल्याकडे एक राजा हे काम करून बसला होता. सोमेश्वराला मासा लागला नाही तर तो काय म्हणत असे, हे ग्रंथात नाही. राजाला निसर्गाची सबब लागत नसावी. दरबारीच ती पुरवत असतील.

सोमेश्वराने एक गोष्ट बरोबर ओळखली होती, जी आमच्या काठाला अजून मान्य नाही: प्रत्येक माशाचं खाणं वेगळं असतं. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं, तो वरच्या थरात फिरतो आणि पाण्यातले बारीक जीव गाळून खातो. रोहू मधल्या थरात, शेवाळ आणि वनस्पती कुरतडतो. मृगळाचं तोंड खाली, तो तळाचा गाळ उपसतो. म्हणूनच तिघांचं बीज एका तलावात सोडतात, की कुणाचं ताट कुणाच्या ताटावर येऊ नये. मत्स्यपालनाच्या कुठल्याही पुस्तकात हे पहिल्या काही पानांत सापडतं. आमच्याकडे मात्र बूच एकाच खोलीला बांधलेलं, कणकेचा गोळा एकाच आकाराचा, आणि अपेक्षा अशी की तिघांनी आपापली जागा सोडून तिथे पंगतीला यावं.

आणि तो गोळा! आमिषाचं पीठ मळणाऱ्या नागपूरकराकडे नीट पाहावं. त्याच्या मनात मासा नसतो, स्वतःची जीभ असते. काकांच्या पिठात तूप असतं, वेलदोडा असतो, सणासुदीला गूळ असतो. खर्रेवाल्या भाऊने एकदा संत्रा बर्फी कुस्करून घातली होती. ‘नागपूरचा मासा आहे, त्याले संत्र्याचा वास ओळखीचा,’ असं त्याचं म्हणणं. सावजी रश्श्यात पाव बुडवून गळाला लावलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. तो पाव माशाने खाल्ला नाही, पण पाण्यावर जो लाल तवंग पसरला त्याकडे काठावरची चार माणसं भुकेल्या डोळ्यांनी बघत राहिली. दादा या बाबतीत सगळ्यांत शास्त्रशुद्ध. त्यांचं पीठ आदल्या रात्री मुरतं. त्यात भाजलेली मेथी, मध, ढेप आणि आणखी असं काही असतं जे ते सांगत नाहीत. वडिलांनी त्यांना मरताना सांगितलं, ते मुलाला मरताना सांगणार आहेत. मुलगा बंगळुरूला असतो आणि मासे ऑनलाइन मागवतो, त्यामुळे परंपरेचं भवितव्य जरा अंधारात आहे.

माशाला वास येतो, यात शंका नाही. पण तो हवेतला वास नव्हे. पाण्यात जे विरघळतं तेच त्याच्या नाकापर्यंत पोचतं, आणि त्याला सगळ्यांत चटकन कळतात ती अमिनो आम्लं, म्हणजे कुजलेलं, आंबलेलं, चेचलेलं, ज्याला आपण नाक मुरडतो ते. तूप तर पाण्यात विरघळतच नाही, नुसतं तरंगतं. म्हणून वेलदोड्याच्या कणकेपेक्षा उकिरड्यातून उपसलेलं गांडूळ भारी पडतं, आणि मांगूर किंवा शिंगाड्यासारख्या मिशीवाल्या माशांना तर रात्रीच्या अंधारात मिशांनीच चव कळते. हे सांगितलं की काकांचा चेहरा उतरतो. ‘इतकं चांगलं तूप टाकलं न् खाऊन नाही राहिला, म्हणजे त्यालेच चव नाही,’ असा त्यांचा निष्कर्ष. आग्रह नाकारणाऱ्या पाहुण्याबद्दल नागपूरचं मत नेहमी असंच असतं.

खर्र्याचा प्रश्न स्वतंत्र आहे. तंबाखूचा हात पिठाला लागला की मासा फिरकत नाही, असं गुरुजींच्या गटाचं म्हणणं. भाऊचं म्हणणं नेमकं उलट: ‘आमच्याइकडचा मासा आहे गुरुजी, दोन दिवस खर्रा नाही मिळाला तर तोच काठाला येईन.’ या वादात आवाज चढतो, आणि मग काका ओठावर बोट ठेवून सगळ्यांना गप्प करतात, की मासा ऐकतो. मासा ऐकतो हे खरं. रोहू-कटल्याच्या जातीत हवेची पिशवी आणि कान यांना जोडणारी बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे त्यांचे कान बऱ्याच माशांपेक्षा तिखट असतात. पण हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून जवळजवळ सगळाच्या सगळा परत फिरतो. काठावर तुम्ही वेगळ्या विदर्भावर भाषण केलंत तरी रोहूला ते कळणार नाही. त्याला कळतो तो जमिनीतून जाणारा धप्प आवाज. सगळ्यांना गप्प करून काका पिचकारी टाकायला उठतात आणि रबरी बूट आपटत दहा पावलं चालत जातात, तो.

माझा एक पुतण्या ह्यूस्टनला असतो. तो शनिवारी गॅल्व्हेस्टनच्या खाडीवर जातो आणि रविवारी आम्हाला फोटो पाठवतो: हातात एक लांबट, चंदेरी, पाठीवर काळे ठिपके असलेला मासा. तिकडे त्याला स्पेकल्ड ट्राउट म्हणतात. काठावर फोटो फिरवला तेव्हा गुरुजींनी माहिती काढली. हा ट्राउट मुळी ट्राउट नव्हेच. तो आपल्या घोळीच्या आणि ढोम्याच्या घराण्यातला, पोटातून ढोलकीसारखा आवाज काढणारा मासा. दादांना फार बरं वाटलं. टेक्सासमध्येही शेवटी आपलेच नातेवाईक.

पुतण्याने फोनवर सगळी कर्मकहाणी सांगितली. तिकडे भरती-ओहोटीचं पाणी वाहतं असलं पाहिजे, समुद्रगवत पाहिजे, पाणी फार गढूळ नको, फार गोडं नको. उन्हाळ्यात मासा दिवस चढला की खोल पाण्यात जातो, थंडीत उबेला जातो. फेब्रुवारी 2021 च्या कडाक्याच्या गारठ्यात टेक्सासच्या किनाऱ्यावर लाखो मासे मेले, त्यात हाही होता. आमिष म्हणजे जिवंत कोळंबी. आणि तिच्यावर एक खास बूच, जे झटका दिला की ‘पक्’ असा आवाज करतं; माशाला वाटतं, वर कुणीतरी जेवतंय, आपण मागे राहायला नको. ही शेवटची युक्ती ऐकून भाऊ हात जोडून म्हणाला, ‘हे तर आपल्या लग्नातल्या बुफेचं झालं ना बाप्पा!’

‘काही लागलं का?’ काकांनी पुतण्याला स्पीकरवर विचारलं. हा प्रश्न विचारायचा नसतो हे ते उत्साहात विसरले. सेकंदभर शांतता. मग सातासमुद्रापलीकडून उत्तर आलं, ‘आज हवा बरोबर नव्हती, आजोबा.’ काठावर समाधान पसरलं. पोरगा बिघडला नव्हता. गेल्या आठवड्याचा फोटो कुणी काढला आणि मासा कुणी धरला होता, हे कुणीही विचारलं नाही.

ज्यांचं पोट माशांवर आहे त्यांच्याकडे मात्र हे आमिषपुराण ऐकायला मिळत नाही. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावच्या बाजूला जुने मालगुजारी तलाव आहेत. तिथल्या धीवरांनी, मनीष राजनकर यांच्यासारख्या अभ्यासकांच्या सोबतीने, एक वेगळाच उद्योग केला. तलावात माजलेली बेशरम उपटली. ती बेशरम म्हणजे जांभळ्या फुलांची झुडपं. विदर्भात त्यांना दुसरं नाव नाही आणि नकोच. ती काढून तळाला देशी पाणवनस्पती लावल्या. कोणत्या वनस्पतीच्या आडोशाला कोणता मासा अंडी घालतो, कोणता कशावर चरतो, हे ज्ञान पतिराम तुमसरे यांच्यासारख्या जुन्या जाणत्यांकडे होतं. शालू कोल्हे आणि त्यांच्यासारख्या बायका गाळात उतरून लावणीला लागल्या. वनस्पती आल्या, तसे दिसेनासे झालेले देशी मासे परत दिसू लागले. म्हणजे या लोकांनी गळाला काही लावलंच नाही. माशाला काय आवडतं ते पाहिलं आणि आख्खा तलावच तसा केला. हे मी आमच्या काठावर सांगितलं तेव्हा काका बराच वेळ विचारात होते. मग म्हणाले, ‘त्यात तूप नाही टाकत काय?’

आमच्या काठाला सगळ्यांत मान्य असलेला मासा म्हणजे मरळ. कारणं उघड आहेत. पाण्यात प्राणवायू नसला तरी तो वर येऊन सरळ हवेतून घोटभर श्वास घेतो, त्यामुळे ज्या उन्हात रोहूचा जीव जातो त्यात हा मजेत असतो. पाणी आटलं तर चिखलात तग धरतो. पिल्लं झाली की नारिंगी-लाल थवा करून फिरतात आणि आईबाप खाली पहारा देतात. त्या थव्याजवळ कुणी बेडकी टाकली तर मरळ ती भुकेने घेत नाही, रागाने घेतो. हे आमिष नव्हेच, भांडण उकरून काढणं आहे. पहाऱ्यावरच्या आईबापाला असं धरलं की खालची पिल्लं कुणाच्याही तोंडी जातात, म्हणून आमचा काठ ते करत नाही. पण कौतुकाने सांगतो जरूर. ऊन सोसणारा, कमी पाण्यात भागवणारा आणि डिवचल्याशिवाय तोंड न उघडणारा मासा नागपूरकराला आपला वाटला तर नवल नाही.

म्हणून 2023 साली महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा जाहीर केलं, तेव्हा काठावर खळबळ उडाली. पापलेट! विदर्भाने जो मासा जिवंत कधी पाहिलेला नाही, थर्माकोलच्या खोक्यात बर्फावर झोपलेलाच पाहिला आहे, तो आमचा राज्यमासा. ‘हाही अनुशेषच,’ गुरुजी म्हणाले. सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष, नोकऱ्यांचा अनुशेष, आणि आता माशांचा. 1953 च्या नागपूर करारात अधिवेशन नागपुरात घ्यायचं ठरलं, पण मासा कुठला हे कुणी लिहूनच घेतलं नाही. त्याच वर्षी गुजरातनेही घोळ घेऊन टाकली. म्हणजे ज्यांना समुद्र आहे त्यांनी आपापसात वाटून घेतलं. काकांनी तिथल्या तिथे ठराव मांडला, की राज्य वेगळं होईल तेव्हा होवो, मासा तरी आधी वेगळा द्या, आणि तो मरळ असावा.

त्यावर दादांनी मोबाइल पुढे केला. मरळ गेला होता. तेलंगणाने राज्य झाल्यावर त्यालाच आपला राज्यमासा करून ठेवलं होतं. कोर्रमीनू म्हणतात तिकडे. हैदराबादला मृगाच्या मुहूर्तावर दम्याच्या औषधासाठी हजारो लोकांना जिवंत गिळायला देतात, तोच.

‘म्हणजे आधी राज्य लागते,’ भाऊ खर्रा घोटता घोटता म्हणाला. ‘मग मासा लागते.’

काका चिडले. मरळ नाही तर कटला, कटला नाही तर मृगळ; पण ठराव आजच झाला पाहिजे, हिवाळी अधिवेशन जवळ आलं आहे, निवेदन द्यायचं आहे. गुरुजी कटल्याच्या विरोधात होते, कारण त्याचं तोंड नेहमी वर, आणि विदर्भाने आणखी किती दिवस वर पाहायचं. मृगळाला दादांचा विरोध, तो गाळ खातो म्हणून. शेवटी ‘तूर्त मरळच, तेलंगणाशी वाटाघाटी करून’ असा मसुदा ठरला. काकांनी तो मोठ्याने वाचला आणि अनुमोदनासाठी भाऊकडे पाहिलं. तेवढ्यात काकांचं बूच एकदम खाली गेलं.

सभा तहकूब झाली. चौघेही उभे राहिले, तंगूस ताणला, काठी वाकली, काका ‘ढील द्या, ढील द्या’ असं स्वतःलाच ओरडून सांगू लागले. वारा पडला होता, प्रेशर उतरलं होतं, चौघडिया लाभाचा होता, पिठात तूप होतं, सगळं जुळून आलं होतं. बरंच वजन होतं. ते काठाशी आलं तेव्हा दिसलं, की जलपर्णीच्या गुंतवळीत खर्र्याची एक भली मोठी पन्नी गाळाने गच्च भरून आली आहे.

‘आपली नाही ही,’ भाऊ म्हणाला, आणि ठरावाला अनुमोदन द्यायचं राहूनच गेलं.